निरंक आणि नोंद नाही : भूकंपाच्या नकाशाची गोष्ट



आजचा विषय आहे तक्ते आणि नकाशे. काही जणी म्हणतील, हे तर शाळेतल्या भूगोलाचं, आता आम्हाला त्याचं काय? पण तक्ता वाचणं आपल्याला नवं नाही. घरातलं पंचांग म्हणजे तक्ताच. तिथी कधी बदलते, सूर्य कधी उगवतो, ते आपण ओळ आणि रकाना जुळवून बघतो. सातबारा हा तक्ता आणि गावनकाशा हा त्याचा जोडीदार. गट नंबर सातबाऱ्यावर बघायचा आणि जमीन कुठे आहे ते नकाशावर शोधायचं. कोकणातल्या मैत्रिणी भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच कालवं काढायला जातात. आणि आपल्या बचत गटाचं तर सगळं कामच रकान्यांवर चालतं. हजेरी, बचत, कर्ज, परतफेड, सगळं ओळीत.

या रकान्यांतली एक गोष्ट आपल्याला चांगली ठाऊक आहे. महिन्याच्या अहवालात थकबाकीपुढे ‘निरंक’ लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ कुणीतरी वह्या तपासल्या आणि थकबाकी सापडली नाही. पण रकाना नुसताच रिकामा असेल, तर? तर कुणी तपासलंच नाही, किंवा लिहायचं राहिलं. दिसायला दोन्हीकडे थकबाकीचा आकडा नाही. अर्थ मात्र अगदी वेगळा. रिकाम्या रकान्याला निरंक समजून पुढे गेलं, की ऑडिटच्या वेळी घाम फुटतो.

आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो याच चुकीचा आहे. पण तिथे पैशांचा हिशेब नव्हता, माणसांच्या जिवाचा होता. ‘आमच्या गावाला भूकंपाचा धोका आहे का?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात एका यादीवरून आणि एका रंगीत नकाशावरून दिलं जातं. ती यादी कशी तयार झाली, नकाशा कसा रंगला, तो कुठे चुकला आणि मग आपल्यासारख्या बायांनी काय केलं, ते आज बघू.

सुरुवात करू यादीपासून. १८५१ साली इंग्रजांनी कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण नावाचं खातं सुरू केलं. त्यांना मुख्यतः कोळसा शोधायचा होता. खात्याचे पहिले प्रमुख होते थॉमस ओल्डहॅम. त्यांनी भारतात पूर्वी झालेल्या भूकंपांची एक यादी केली. कोणत्या दिवशी, कुठे, काय पडलं, काय हललं. १८६९ सालापर्यंतच्या भूकंपांची ही यादी त्यांच्या मुलानं, रिचर्ड ओल्डहॅम यांनी, १८८३ साली छापून आणली.

आता विचार करा, अशा यादीत काय येतं? ज्याची कुणीतरी लेखी नोंद केली तेच येतं. जिथे साहेबाची कचेरी होती, छावणी होती, वर्तमानपत्र निघत होतं, तिथला धक्का लिहिला गेला. एखाद्या खेड्यात रात्री उतरंड कोसळली, भिंतीला तडा गेला, आणि गावात लिहिणारं कुणी नव्हतं, तर तो धक्का आजीच्या गोष्टीत राहिला. आजी गेली की गोष्टही गेली. यादीतला रकाना रिकामाच राहिला.

मग आलं १८९७ साल. १२ जूनला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आसाम आणि शिलाँगचा प्रदेश हादरला. भूकंप फार मोठा होता. शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे १५०० माणसं दगावली. वेळ संध्याकाळची होती, पुष्कळ लोक घराबाहेर होते, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला. रिचर्ड ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा अभ्यास केला आणि १८९९ साली मोठा अहवाल लिहिला.

यंत्रं हाताशी नव्हती, मग अभ्यास कसा केला? ठिकठिकाणी काय झालं याची माहिती गोळा केली. कुठे घर पडलं, कुठे नुसती भिंत तडकली, कुठे फक्त टांगलेला दिवा हलला. ही माहिती नकाशावर मांडली आणि ज्या गावांत सारखंच नुकसान झालं होतं, ती गावं एका रेषेनं जोडली. अशा रेषा एकात एक बसल्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारख्या. सगळ्यात आतल्या रेषेत सगळ्यात जास्त नुकसान. म्हणजे लोकांनी जे पाहिलं, त्यावरूनच नकाशा उभा राहिला.

या पद्धतीचे पुढे पक्के तक्ते झाले. त्यात १२ पायऱ्या असतात. यातल्या काही पायऱ्या ऐका, कारण यातली यंत्रं आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. चौथ्या पायरीला भांडी आणि खिडक्या खडखडतात. पाचव्या पायरीला झोपलेली माणसं जागी होतात, टांगलेल्या वस्तू जोरात झुलतात, काठोकाठ भरलेल्या उघड्या भांड्यातलं पाणी थोडं सांडतं. सहाव्या पायरीला पुष्कळ माणसं घाबरून घराबाहेर पळतात, मांडणीवरच्या बशा पडून फुटतात. आठव्या पायरीपर्यंत गेलं, की दगडमातीच्या घरांचं फार मोठं नुकसान होतं. याला भूकंपाची तीव्रता म्हणतात.

बातम्यांत आपण रिश्टरचा आकडा ऐकतो, तो वेगळा. तो आकडा भूकंपाची एकूण ताकद सांगतो आणि एका भूकंपाचा एकच असतो. हा आकडा एकानं वाढला, की जमिनीखाली मोकळी होणारी शक्ती सुमारे ३२ पटीनं वाढते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. बल्बचं उदाहरण घ्या. बल्ब ६० वॉटचा म्हणजे ६० वॉटचाच. पण त्याच्याखाली बसलेल्या पोरीला पुस्तक वाचता येतं आणि ओसरीवरच्या आजीला सुईत दोरा ओवता येत नाही. रिश्टर म्हणजे वॉट, आणि तीव्रता म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचलेला उजेड.

आसामच्या भूकंपानंतर यंत्रंही आली. १ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्याजवळ अलीपूरला देशातलं पहिलं भूकंपमापन केंद्र सुरू झालं. आसामच्या भूकंपाच्या नोंदी दूर परदेशातल्या यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या बघून ओल्डहॅम यांनी १९०० साली दाखवून दिलं, की भूकंपातून वेगवेगळ्या वेगाच्या लहरी निघतात. पहिली लहर वेगानं पोहोचते, ती प्राथमिक. दुसरी तिच्या मागून येते, ती दुय्यम.

यातूनच एक फार उपयोगी तक्ता तयार झाला. वीज चमकते आणि मग गडगडाट ऐकू येतो. मधे जास्त वेळ गेला तर आपण म्हणतो, वीज लांब पडली. भूकंपाचंही तसंच. जमिनीच्या वरच्या थरात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते आणि दुय्यम लहर सुमारे साडेतीन. दोन लहरी पोहोचण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण ८ नं गुणायचं. तेवढे किलोमीटर भूकंप लांब झाला. समजा यंत्रावर २० सेकंदांचं अंतर दिसलं, तर भूकंप सुमारे १६० किलोमीटरवर. जवळच्या भूकंपासाठी हा ढोबळ हिशेब चालतो. लांबच्यासाठी पुस्तकात छापलेले तक्ते लागतात.

पण १६० किलोमीटर कुठल्या दिशेला? ते एकट्या वेळेच्या हिशेबातून कळत नाही. इथे नकाशा मदतीला येतो. त्या केंद्राभोवती नकाशावर १६० किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. भूकंप त्या वर्तुळावर कुठेतरी झाला. दुसऱ्या केंद्राचं अंतर घेऊन दुसरं वर्तुळ, तिसऱ्याचं तिसरं. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे भूकंप झाला. म्हणजे तक्ता अंतर सांगतो, नकाशा जागा सांगतो, आणि एकट्यादुकट्याच्या नोंदीनं भागत नाही, किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. गटाच्या ठरावावर एकीचीच सही चालत नाही, तसंच हे.

हे तक्ते किती बारकाईनं वाचता येतात, त्याचं उदाहरण एका बाईंचंच आहे. डेन्मार्क देशात इंगे लेमान नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांचा जन्म १८८८ सालचा. देशाच्या भूकंपमापन विभागाचं काम त्या बघायच्या. तेव्हा संगणक नव्हते. कोणत्या केंद्रावर कोणती लहर किती वाजता आली, हे त्या कार्डांवर लिहायच्या आणि ती कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायच्या. आपण डाळीच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवतो, तसंच. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे काही अंतरावरच्या केंद्रांवर ती लहर पोहोचायला नको होती. पण तिथल्या कागदांवर बारीक नोंद उमटलेली होती. ती फारशी महत्त्वाची नाही, असंच तोवर समजलं जात होतं. लेमानबाईंनी ती नोंद सोडली नाही. वेळा पुन्हा पुन्हा तपासल्या आणि १९३६ साली सांगितलं, की पृथ्वीच्या वितळलेल्या गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. तो घन आहे हे पुढे सिद्ध झालं. कुणीही तिथे खणून गेलेलं नाही, जाऊही शकत नाही. ५००० किलोमीटरहून खोल असलेली ती गोष्ट एका बाईंनी रकान्यांतून शोधली. समजूत एक सांगत होती, नोंद दुसरं सांगत होती, आणि त्यांनी नोंदीवर विश्वास ठेवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येऊ नकाशाकडे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला, १० हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर १९३५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशाचा भूकंपधोक्याचा पहिला नकाशा केला. त्यात ३ पट्टे होते, जास्त धोक्यापासून कमी धोक्यापर्यंत. हिमालयाच्या पायथ्याला जास्त धोका. आपलं दख्खनचं पठार मात्र जुन्या, कठीण खडकाचं. पूर्वीच्या यादीत इथल्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी फारशा नाहीत. म्हणून इकडे रंग हलका. १९६२ साली भारतीय मानक संस्थेनं घरबांधणीसाठी नियम केले आणि त्याबरोबर नवा नकाशा दिला. त्यात शून्यापासून सहापर्यंत ७ पट्टे होते. त्यांना आपण झोन म्हणतो. पट्ट्याचं नावच शून्य असलं, की वाचणाऱ्याला काय वाटेल? तिथे निरंक आहे, असंच ना?

त्याच १९६२ सालाच्या सुमारास कोयना धरणात पाणी साठू लागलं. पुढे त्या भागात लहान लहान धक्के बसायला लागले. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनानगर हादरलं. रिश्टरचा आकडा ६.३. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं पडली. धरणाला तडे गेले, पण धरण टिकलं. कमी धोक्याच्या म्हणून रंगवलेल्या भागात हे घडलं होतं. पाणी साठवल्यामुळे भूकंपाला चालना मिळते, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून आजही कोयनेचं नाव घेतलं जातं.

१९७० साली नकाशा बदलला. शून्य झोन काढून टाकला, एक ते पाच असे ५ झोन ठेवले. कोयनेचा भाग थेट चौथ्या झोनमध्ये गेला. चांगलंच झालं. पण धडा पुरता घेतला गेला नाही. जिथे भूकंप झाला, तिथला रंग गडद झाला. जिथे झाल्याची नोंद नव्हती, तिथला हलकाच राहिला. मराठवाड्यात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांचा किल्लारीकडचा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, असाच राहिला.

त्या भागातली जुनी घरं कशी होती, हे मराठवाड्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. काळ्या दगडाच्या जाड भिंती, दगडाला दगड जोडायला नुसता चिखल, वर लाकडी सरे-तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात घर थंडगार. गळू नये म्हणून वरचेवर माती टाकायची, की माळवद आणखी जड व्हायचं. सगळ्यात कमी धोक्याचा झोन म्हटल्यावर घर बांधताना भूकंपाचा विचार कोण करणार? गवंड्यानं केला नाही, सरकारी इमारत बांधणाऱ्यानंही फारसा केला नाही.

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसरात छोटे धक्के बसू लागले. जमिनीतून आवाज यायचे. लोक घाबरले, काही जण घराबाहेर झोपू लागले, तक्रारी झाल्या. म्हणजे जमीन स्वतःच्या हातानं नोंद लिहीत होती. इथे लेमानबाईंची आठवण काढा. समजूत सांगत होती की इथे मोठं काही होत नाही, आणि नोंद सांगत होती की काहीतरी होतंय. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असं नाही, पुष्कळदा येत नाही. त्यामुळे तारीख आधी सांगणं कुणालाच शक्य नव्हतं, आजही नाही. पण जड माळवदं आणि चिखलाच्या भिंती यांकडे एकदा नव्यानं बघायला ती नोंद पुरेशी होती. धक्के कमी झाले, आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लोक थकून झोपलेले. पहाटे ४ ला ४ मिनिटं कमी असताना भूकंप झाला. रिश्टरचा आकडा ६.२. सुमारे ८ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीचे ढीग झाली. ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली.

६.२ चा भूकंप हा जगात फार मोठा मानत नाहीत. मग एवढी माणसं का गेली? एक तर भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता. दुसरं, वेळ झोपेची होती. आणि तिसरं, घरं. दगड सुटे झाले, माळवदाची मणामणाची माती अंगावर आली. भूकंप माणसं मारत नाही, पडणारं घर मारतं, असं जाणकार म्हणतात ते किल्लारीत दिसलं. शिलाँगच्या लोकांनी हाच धडा १८९७ नंतर घेतला होता. तिथे लाकडी सांगाडा, वेत-बोरूच्या कुडाच्या भिंती आणि हलकं छप्पर असलेली घरं बांधायची पद्धत पडली. त्यांना आजही आसाम पद्धतीची घरं म्हणतात. पण त्यांच्या नकाशावर रंग गडद होता. आपल्या नकाशावर तो नव्हता.

किल्लारीनंतर नकाशा पुन्हा तपासला गेला. २००२ सालच्या नकाशात पहिला झोनच काढून टाकला. त्यात दोन, तीन, चार आणि पाच असे ४ झोन उरले. किल्लारीचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला. या बदलाचा अर्थ नीट लक्षात घ्या. १९६२ सालचा शून्य १९७० साली गेला, १९७० सालचा एक २००२ साली गेला. देशानं दोनदा माणसं गमावून कबूल केलं, की धोका नाही असा रकाना आपल्याकडे नाहीच. ज्याला आपण निरंक समजत होतो, तिथे खरं तर ‘नोंद नाही’ असं लिहायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, नकाशाच चुकतो तर बघायचा कशाला? त्याचंही उत्तर इतिहासात आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातेत कच्छमध्ये भूकंप झाला, रिश्टरचा आकडा ७.७. तिथे नकाशा चुकला नव्हता. कच्छ आधीपासून पाचव्या, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याच्या झोनमध्ये होतं. तरी १३ हजारांहून जास्त माणसं गेली. नियमाची पुस्तकं कपाटात होती, आणि घरं तशी बांधली नव्हती. किल्लारीत नकाशा अपुरा होता, कच्छमध्ये नकाशा बरोबर होता पण कुणी वाचला नाही. दोन्हीकडे माणसं गेली. म्हणून नकाशावर आंधळा विश्वास नको आणि नकाशा अडगळीतही नको.

किल्लारीचा पुढचा भाग आपल्या गटांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. जी गावं पूर्ण पडली नव्हती, तिथली घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम सरकारनं हाती घेतला. पण लोकांना कळेना, की पैसे कसे मिळणार, घर मजबूत करायचं म्हणजे काय करायचं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांना कामाला लावलं. गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. ज्या बाया तोवर ग्रामसभेत मागे बसायच्या, त्या इंजिनिअरला विचारू लागल्या, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड कुठे बसवलेत? घराला कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा कुठून कुठे जाणार? माळवदावरची माती किती कमी केली? त्यांनी तांत्रिक गोष्टी शिकून घेतल्या, घराघरात समजावल्या आणि कामावर लक्ष ठेवलं. पुढे कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बाया तिथल्या बायांना हेच शिकवायला गेल्या. आपल्या भागातल्या बचत गटांच्या चळवळीची एक मुळी त्या मातीत आहे.

आता आपण काय करायचं? पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि आपल्या गावासाठी ४ प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, नकाशा कोणत्या सालचा? शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुना असू शकतो. नकाशा बदलत आलाय, पुढेही बदलेल. तहसील कार्यालयात किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात सध्या लागू असलेला नकाशा मागा आणि आपला जिल्हा कुठल्या झोनमध्ये आहे ते वहीत लिहा.

दुसरा प्रश्न, झोन काय सांगतो आणि काय सांगत नाही? घर किती मजबूत हवं, हे झोन सांगतो. भूकंप कधी होणार, हे तो सांगत नाही. अमुक रात्री भूकंप येणार असा निरोप मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवू नका. तारीख सांगणारा तक्ता कुणाकडेच नाही.

तिसरा प्रश्न, हलका रंग म्हणजे निरंक की नोंद नाही? गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांना विचारा. कधी जमीन हलली होती का? कुठली भिंत, कुठला बुरूज पडला होता? साल आठवत नसेल तर ‘अमक्याच्या लग्नाच्या वर्षी’, ‘७२ च्या दुष्काळाच्या आधी’ असं विचारा. सांगितलेलं लिहून ठेवा.

चौथा प्रश्न, माझं घर कुठल्या रकान्यात बसतं? दगड-माती, वीट-सिमेंट की कुडाचं? छप्पर जड की हलकं? घरकुल मंजूर झालेल्या मैत्रिणींनी इंजिनिअरला जरूर विचारावं, की आपल्या झोनप्रमाणे पायाशी, दारा-खिडक्यांवर आणि छताखाली पट्टा आहे का, कोपऱ्यात सळई आहे का. घराच्या कागदावर आता आपलंही नाव असतं, तर विचारायचा हक्कही आपला आहे. जुनं माळवद असेल, तर नवी माती टाकण्याआधी जुनी काढा, आणि डोक्याशी जड कपाट किंवा फळी ठेवून झोपू नका.

आणि एक काम कायमचं. गटाच्या वहीत शेवटची दोन पानं धक्क्यांसाठी राखून ठेवा. रकाने असे आखा. तारीख, वेळ, आपण कुठे होतो, काय हललं, काय पडलं, आवाज आला का, किती जणींना जाणवलं. भांडी खडखडली की पाणी सांडलं, एवढं लिहिलं तरी तीव्रतेची पायरी ठरवता येते. ही माहिती तलाठ्याला आणि तहसीलला लेखी कळवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ‘भूकंप’ नावाचं मोबाईल ॲप आहे. भूकंप कुठे आणि किती ताकदीचा झाला ते त्यावर कळतं.

याचा उपयोग होतो का? होतो. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांमागून धक्के सुरू झाले. लोकांनी सतत सांगितलं, मग शास्त्रज्ञांनी त्याच भागात यंत्रं बसवली आणि धक्के मोजले जाऊ लागले. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात, हे तिथले लोक सांगत आले होते. २०२४ सालच्या २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली भागात ४.५ चे धक्के बसले. जाणवलं ते सांगणं आणि सांगितलं ते लिहिणं, यातूनच नकाशा सुधारतो.

दीडशे वर्षांपूर्वीच्या यादीत आपल्या खेड्यांचे रकाने रिकामे राहिले, कारण तेव्हा तिथे लिहिणारं कुणी नव्हतं. आता प्रत्येक गावात गट आहे, गटात वही आहे आणि वही लिहिणारी एक तरी आहे. तुमच्या गटानं धक्क्यांची पानं आखली, किंवा म्हाताऱ्या माणसांकडून एखादी जुनी आठवण मिळाली, तर आपल्या रेडिओला कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती सगळ्यांना ऐकवू.